कार्बन मोनॉक्साइडमध्ये ऑक्सिजनवर प्लस कसा काय?

इंदूरी_अकरावी:
नमस्कार मंडळी, इंदूरला अकरावीत आहे, भंवरकुआंला क्लास लावलाय. कार्बन मोनॉक्साइडची लुईस रचना (बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते दाखवणारी आकृती) काढली, मधे तिहेरी बाँड, दोघांवर एकेक लोन पेअर (बाँडमध्ये न गेलेली इलेक्ट्रॉनची जोडी). फॉर्मल चार्ज कार्बनवर -१ आणि ऑक्सिजनवर +१ येतोय. पण इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी, म्हणजे बाँडमधले इलेक्ट्रॉन ओढायची ताकद, बघितली तर ऑक्सिजन ३.४४ आणि कार्बन २.५५, मग जो ओढतो तोच प्लस कसा? क्लासमध्ये विचारलं तर "फॉर्म्युला लगाओ, आगे बढ़ो". घरी बाबांनाही विचारलं, तेही अडकले.

राजवाडा_ताई:
अरे मस्त प्रश्न आहे, सोडू नकोस. तुझं उत्तर बरोबरच आहे, फक्त फॉर्मल चार्ज हा अणूवरचा खरा चार्ज नाही, कागदावरचा हिशेब आहे. त्यात बाँडमधले इलेक्ट्रॉन दोघांना सरळ अर्धे अर्धे देऊन टाकतो, कोण किती ओढतो ते बघतच नाही. कार्बनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ४, त्यातून लोन पेअरचे २ गेले, बाँडमधल्या ६ चे अर्धे ३ गेले, राहिले -१. ऑक्सिजनचे ६ वजा २ वजा ३, म्हणजे +१. यात ३.४४ कुठे आलं सांग बरं?

इंदूरी_अकरावी:
हो ताई, कुठेच नाही आलं. पण मग दुहेरी बाँड काढला तर दोघांवर शून्य येतो, तीच रचना का नाही घ्यायची?

मास्तर_ग्वाल्हेर:
कारण मग कार्बनकडे ६ च इलेक्ट्रॉन उरतात, ऑक्टेट (बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होत नाही, आणि आवर्तसारणीच्या दुसऱ्या ओळीतल्या अशा अणूंसाठी ऑक्टेट आधी, फॉर्मल चार्ज नंतर. मोजमापही तेच सांगतं, यातला बाँड १.१३ अँगस्ट्रॉम आहे आणि फॉर्मल्डिहाइडमधला दुहेरी बाँड साधारण १.२१, म्हणजे इथला बराच आखूड.

आता खरी गंमत बघ. या अंतरावर खरोखर +१ आणि -१ बसले असते तर डायपोल मोमेंट (रेणूच्या दोन टोकांत चार्ज किती वेगळा झालाय त्याचं माप, एकक डिबाय) ५.४ डिबायच्या आसपास आला असता. मोजलेला आहे फक्त ०.११, पाण्याचा १.८५ असतो त्यावरून अंदाज कर. बाँडमधले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात पण कार्बनवरची लोन पेअर बाहेरच्या बाजूला लांब पसरलेली असते, दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, आणि जे उरतं त्यात निगेटिव्ह टोक कार्बनचं निघतं! म्हणून पोलॅरिटीची दिशा नुसत्या इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीवरून ठोकून द्यायची नाही. हीच लोन पेअर धातूला देऊन हा रेणू हिमोग्लोबिनमधल्या लोहाला कार्बनच्या बाजूने चिकटतो, बंद खोलीत सिगडी ठेवू नका म्हणतात ते याच्यासाठीच.

राजवाडा_ताई:
सर, सुंदर. अजून एक जोडते, परीक्षेत इथेच मुलं फसतात. अमोनियममध्ये फॉर्मल +१ नायट्रोजनवर लिहितो पण नायट्रोजन ३.०४ आणि हायड्रोजन २.२०, त्यामुळे पॉझिटिव्हपणा खरं तर चारही हायड्रोजनवर वाटलेला असतो. हायड्रोनियममध्येही प्लस ऑक्सिजनवर लिहितो, तरी हायड्रॉक्साइड येतो तो हायड्रोजनच उचलायला, ऑक्सिजनला हात लावत नाही. प्लस दिसला की इलेक्ट्रॉन जातात ते दाखवणारा बाण तिकडेच काढायचा असं करू नकोस, आधी त्या अणूकडे इलेक्ट्रॉन घ्यायला जागा आहे का ते बघ.

इंदूरी_अकरावी:
आत्ता कळलं! टेट्राफ्लोरोबोरेट आयनमध्ये (एक बोरॉन, चार फ्लोरिन) मायनस बोरॉनवर लिहितात पण इलेक्ट्रॉन जास्त फ्लोरिनकडेच, बरोबर ना सर?

मास्तर_ग्वाल्हेर:
एकदम बरोबर. बाबांनाही हेच उदाहरण दाखव.