मिस्टर फुजीच्या मुठीतले मीठ: ब्रेट हार्ट विरुद्ध योकोझुना, १९९३

मूळ लेखन

४ एप्रिल १९९३ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये, उघड्या आकाशाखाली, नववी रेसलमेनिया, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक रेसलिंगचा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा, झाली. तिच्यातील तेव्हाचा विजेता ब्रेट हार्ट आणि आव्हानवीर योकोझुना यांची विजेतेपदाची लढत मी परवा पुन्हा पाहिली. योकोझुनाचा मॅनेजर मिस्टर फुजी याने ब्रेटच्या डोळ्यांत मीठ फेकून या लढतीची माती केली, असे सर्रास म्हटले जाते. निकाल आधीच ठरलेला असतो हे गृहीत धरूनही मला हे मत पटत नाही.

जेमतेम नऊ मिनिटांच्या लढतीत ब्रेट सारखा खालून वर चढत राहतो. अखेरीस तो पाचशे पौंडांच्या त्या देहाला पालथा घालून शार्पशूटर, म्हणजे पाय मुरडून धरणारी त्याची हुकमी पकड, लावतो, तेव्हा योकोझुनाच्या मांड्या त्याच्या कवेत धड मावतही नाहीत. नेमक्या त्या क्षणी पंचाची नजर चुकवून फुजीची मूठ उघडते, ब्रेटचे दोन्ही हात डोळ्यांकडे जातात, पकड सुटते आणि योकोझुना जिंकतो. सुमोमध्ये लढतीपूर्वी आखाडा शुद्ध करण्यासाठी मीठ टाकतात. योकोझुनाला सुमो पैलवान म्हणूनच पुढे आणले होते, त्यामुळे शुद्धीच्या वस्तूनेच दगा द्यावा यात कथेचे उत्तम भान आहे, असे मी मानतो.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण बारकाईचे आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. याच योकोझुनाने त्या जानेवारीत रॉयल रम्बल जिंकली होती, आणि विजेत्याला रेसलमेनियात विजेतेपदाची लढत देण्याचा पायंडा त्याच वेळी पडला. तीस जणांच्या त्या झुंजीत शेवटपर्यंत टिकलेल्या पैलवानाचा दरारा फुजीच्या एका मुठीने घालवला. ज्याच्या नुसत्या अंगावर बसण्याने प्रतिस्पर्ध्याचा श्वास कोंडतो, त्याला जिंकायला मिठाची गरज पडली, तर प्रेक्षकाने त्याची भीती का बाळगावी? मॅनेजरने बोलावे, चिथवावे, फार तर पंचाचे लक्ष वेधावे. निर्णायक डाव मात्र पैलवानाचाच हवा.

प्रतिसाद २

मी लहानपणापासून तांबड्या मातीतल्या कुस्त्या पाहत आलो आहे, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्याकडे वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहून ओरडून डाव सुचवतो, पण कुस्ती सुरू असताना तो पैलवानाला हात लावत नाही. ही मर्यादा मनात ठसलेली असल्यामुळेच फुजीचे कृत्य पाहताना मला खरा संताप आला होता आणि तो आजही येतो. मात्र व्यावसायिक रेसलिंगमध्ये मॅनेजरला तोच संताप निर्माण करायचा असतो. योकोझुना स्वतः फारसा बोलत नसे. त्याच्या वतीने बोलणारा, कट रचणारा आणि शिव्या खाणारा फुजीच होता. त्यामुळे दरारा कमी झाला हा पहिल्या प्रतिसादातील मुद्दा मला अर्धाच पटतो. शार्पशूटरमध्ये अडकलेला योकोझुना हरण्याच्या बेतात होता, हे दाखवल्यामुळे ब्रेटची उंची वाढली. त्याची किंमत योकोझुनाने मोजली.

मूळ लेखकाचे उत्तर

शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझी तक्रार पहिल्या मिठाबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल आहे. लढत संपल्यावर हल्क होगन हा दुसरा नामवंत पैलवान ब्रेटची बाजू घेऊन आला, फुजीने तिथल्या तिथे त्याला आव्हान दिले, पुन्हा मीठ फेकले, आणि या वेळी ते नेम चुकून योकोझुनाच्याच डोळ्यांत गेले. अवघ्या २२ सेकंदांत होगन विजेता! पहिल्या मिठाने ब्रेटच्या परतीची, सूडाची सगळी तयारी करून ठेवली होती. त्या अन्यायाची जखम ताजी असतानाच विजेतेपदाचा बेल्ट तिसऱ्याच्या कमरेला गेला आणि ब्रेट स्वतःच्याच कथेतून बाहेर फेकला गेला. ही माती फुजीने केली नाही. ज्यांनी तोच डाव पाच मिनिटांत दुसऱ्यांदा खेळवला त्यांनी केली.

प्रतिसाद १ (पुन्हा)

होगनबाबत वाद नाही. तो शेवट अक्षम्य होता. पण सवय कशी लागते पाहा. जूनमध्ये डेटन शहरातल्या किंग ऑफ द रिंग या कार्यक्रमात योकोझुनाने होगनकडून बेल्ट परत घेतला, तोही रिंगच्या कडेला चढलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून भडका उडाल्यावर. म्हणजे पुन्हा बाहेरचा हात. मार्च १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रेटने अखेर योकोझुनाला हरवले, तेव्हा योकोझुना कोपऱ्यातल्या दोरावरून उडी घेण्याच्या बेतात असताना तोल जाऊन मागे कोसळला आणि ब्रेटने झडप घातली. तिथे लढतीचा शेवट त्याच्या स्वतःच्या वजनाने घडवला. मला १९९३ मध्येही असाच शेवट हवा होता.

मूळ लेखकाचे उत्तर

१९९४ चा तो शेवट मलाही अधिक आवडतो. पण योकोझुना कोसळला तेव्हा गार्डनमध्ये उठलेला जल्लोष मला वर्षभर साठून राहिलेला वाटतो, आणि तो साठायला सुरुवात झाली ती ब्रेट लास व्हेगासमध्ये डोळे चोळत गुडघ्यांवर बसला होता तेव्हापासून.