पाप सायब (पोप) गेले. शेजारच्या मावशीला काय सांगू?

प्रश्न (बार्देश, २४ एप्रिल २०२५)

नमस्कार. मी मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, हळदोण्याजवळ राहते. आमच्या आवाठात घराला घर लागून एक ख्रिस्ती मावशी आहे, वय ८१. चवथीला आमच्याकडून पातोळ्या जातात, नाताळाला तिकडून दोदोल, नेवऱ्या, कुलकुल येतात.

सोमवारी दुपारी ती मागील दारी आली आणि उंबऱ्यावरच बसली. "पाप सायब गेलो गो बाय." आदल्या दिवशी पास्काचं फेस्त, म्हणजे ईस्टर. त्या दिवशी पोप फ्रान्सिसना तिने टीव्हीवर गर्दीतून फिरताना पाहिलं होतं. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. मग म्हणाली, "आतां दर्यांत बुडिल्ल्यांखातीर कोण रडटलो?"

हे वाक्य कुठून आलं ते सांगायला हवं. तिचा धाकटा भाऊ तारवटी होता. पन्नासेक वर्षांपूर्वी मालवाहू बोटीवरून समुद्रात पडला, सापडला नाही. आईने ते मरण कधी मानलंच नाही, त्यामुळे घरात कोणी त्याच्या नावाने चर्चमध्ये मीससुद्धा (मृतासाठीची प्रार्थना) सांगितलं नाही. आई गेली, पण तो विषय तसाच राहिला.

८ जुलै २०१३ ला पोप फ्रान्सिस लाम्पेदुझा बेटावर गेले. रोमबाहेरचा त्यांचा तो पहिलाच दौरा. आफ्रिकेतून होड्यांनी येताना बुडून मेलेल्यांसाठी त्यांनी भर समुद्रात फुलांचं चक्र सोडलं. त्या लोकांची नावं कोणाला ठाऊक नव्हती. मावशीने तो फोटो पेपरातून कापला आणि आल्ताराखाली (घरातल्या देवघराखाली) भिंतीला चिकटवला. बारा वर्षं तिथेच आहे, आता पिवळा पडलाय. मी इतकी वर्षं तिला ओळखते, पण भावाचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते हा फोटो चिकटवताना.

परवा, शनिवारी, अंत्यविधी आहे. तो पाहायला ती आमच्याकडे येणार. मी घरात काय तयारी ठेवू? आणि ती रोज विचारते, "दुसरो असोच मेळटलो?" उगीच खोटा धीर द्यायचा नाही मला. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (मडगाव, २४ एप्रिल)

ताई, तयारी काही नको. टेबलावर एक मेणबत्ती पुरे. ती तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला लागली तर टीव्हीचा आवाज कमी करा. आपल्याकडे दुपारी दीडला सुरू होईल, तेव्हा जेवण आधी उरकून घ्या, नाहीतर ती उपाशीच बसेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सेंट पीटरमध्ये विधी झाल्यावर त्यांना तिथे पुरणार नाहीत, शहरातल्या सांता मारिया माज्जोरे इगर्जीत (चर्चमध्ये) नेतील. तिथल्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) चित्रापुढे ते प्रत्येक दौऱ्याआधी आणि नंतर जाऊन बसायचे. मृत्युपत्रात त्यांनी साधी, जमिनीतली फोंड (कबर) मागितली आहे, वर फक्त 'फ्रान्सिस्कुस' एवढं नाव. अचानक पाहिलं तर मावशीला वाटेल, यांना बाजूला का टाकलं?

आणि हेही सांगा. आमच्या बाणावलीच्या जुझे वाझना संतपद दिलं ते यांनीच, १४ जानेवारी २०१५ ला, कोलंबोत. वाझबाबांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा. पाप सायब गेले तोही २१ एप्रिल. माझ्या आईने हे ऐकल्यावर खुर्साची खूण केली आणि बराच वेळ गप्प बसली.

उत्तर (पणजी, २५ एप्रिल)

मी जरा वेगळं बोलतो. माझे पाप सायब म्हणजे जॉन पॉल दुसरे. ६ फेब्रुवारी १९८६ ला कांपालच्या मैदानावर मी बाबांच्या खांद्यावर होतो, सात वर्षांचा. गोवा तेव्हा संघप्रदेश होता. मला दिसला तो लांबवरचा पांढरा ठिपका, पण बाबांचे खांदे थरथरत होते ते अजून आठवतं. फ्रान्सिस श्रीलंकेला आले, म्यानमारला गेले, बांगलादेशला गेले, गेल्या वर्षी पूर्व तिमोरपर्यंत पोचले. भारतात आले नाहीत. जुन्या गोव्यात नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन होतं, तेव्हा तरी येतील अशी माझ्या आईला आशा होती. सायब जेझुइट संघाचे, आणि फ्रान्सिस हे त्या संघाचे पहिले पोप. ती हुरहूर राहिलीच. नव्या पोपकडून माझी एकच अपेक्षा आहे, त्यांनी इथे यावं.

मावशीला सांगा, नवा पोप निवडणाऱ्यांत आपले हळदोण्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव आहेत. त्यांना कार्डिनल केलं तेही फ्रान्सिसनीच, २०२२ साली.

उत्तर (डिचोली, २६ एप्रिल)

मी हिंदू, घरात विठोबा. पण २०१५ चं पोप फ्रान्सिसचं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या शेतात खाणीची लाल माती उतरायची, भाताची लोंबी पोचट निघायची. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा शेजाऱ्याचा ट्रक दारात गंजत उभा राहिला, हेही पाहिलंय. त्या पत्रात धरणीचं रडणं आणि गरिबाचं रडणं एकत्र ऐका असं म्हटलंय. आमच्या गावात ही दोन रडणी एकमेकांविरुद्ध उभी केली गेली होती. नवा माणूस कोणीही येवो, त्याने ही गाठ सोडू नये.

प्रश्नकर्तीकडून (१२ मे)

सगळ्यांचे आभार. फोंडीचं आधी सांगितलं ते बरं झालं. ती म्हणाली, "सायबिणीकडेन गेला न्हय, बरें जालें."

८ तारखेला रात्री साडेनऊनंतर व्हॅटिकनमध्ये धूर पांढरा झाला, म्हणजे नवे पोप निवडले गेले. सगळ्या चॅनलवर सीमेवरच्या बातम्या होत्या, शेवटी नातवाने मोबाइलवर लावून दिलं. लिओ चौदावे सज्जात आले आणि पहिला शब्द बोलले तो शांतीचा. मावशीने माझा हात धरला. ते ऑगस्टिनियन संघाचे आहेत असं कळल्यावर मी तिला जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या बुरुजाची आठवण दिली. त्याच संघाचा मठ तो, आता एवढाच चिरेबंदी बुरूज उभा आहे. तिचा पुढचा प्रश्न वेगळाच, "ताका दर्या खबर आसा?" पेरू देशात ते कित्येक वर्षं राहिले, बिशप होते ते चिक्लायो शहर समुद्रापासून फार लांब नाही, एवढं मी सांगू शकले. 'असाच मिळेल का' याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, आणि तिला ते तसंच सांगितलं.

काल सकाळी ती आली. भावाच्या नावाने मीस सांगायचं म्हणते, ऑगस्टमध्ये, तो गेला त्या तारखेला. पाद्रींशी बोलायला मी बरोबर जाणार आहे.