शोरूमचं कोटेशन: सेल्समनवर कुठे विश्वास ठेवायचा, कुठे खोदून विचारायचं?

कोथरूडकर (प्रश्न)
पुण्यात नवीन पेट्रोल गाडी घ्यायची आहे. इंजिन ११९७ सीसी, वैयक्तिक नावावर, थोडं कर्ज. एका शोरूमचा सेल्समन फक्त ऑन-रोडचा (सगळे खर्च धरून एकच) आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि "आज बुक केलं तरच हा रेट" म्हणतो. दुसऱ्याने लेटरहेडवर पूर्ण फोड दिली ती अशी: एक्स-शोरूम (नोंदणी-विम्याआधीची किंमत) ११,४०,०००, आरटीओ १,५२,०००, इन्शुरन्स ५८,०००, टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) ११,४००, एक्सटेंडेड वॉरंटी २४,०००, 'बेसिक किट' १८,५००, हँडलिंग ८,५००, फास्टॅग ६००. एकूण १४,१३,०००. जुनी गाडी एक्स्चेंजला देणार आहे, तिच्या पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) आहे. यातलं काय खरं, काय काढून टाकता येतं? आणि चांगला सेल्समन ओळखायचा कसा?

हिशेबी
फोड देणाऱ्याकडेच जा. पहिला जो आकडा सांगतोय त्यात काय आहे हे त्यालाच सांगायचं नाहीये, म्हणून तो घाई करतोय. महिनाअखेरीचं टार्गेट त्याचं असतं, तुमचं नाही.

आता एकेक ओळ. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के रोड टॅक्स. ११,४०,००० चे १२ टक्के १,३६,८००. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. किरकोळ उपकर धरला तरी १,५२,००० पर्यंत जात नाही, जवळपास दहा हजार वर आहेत. "आरटीओची पावती येईल तेवढेच देतो, फरक परत करा" असं बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. चांगला सेल्समन हे लगेच लिहून देतो.

टीसीएस खरा आहे. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का, तोही पूर्ण किमतीवर. पॅन नंबर बरोबर दिला तर आयकर खात्यात तुमच्या नावावर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, म्हणजे तो पैसा गेला नाही. हँडलिंगचे ८,५०० मात्र सरळ काढायला सांगा. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हे डीलरचंच काम आहे. "सगळेच घेतात" या उत्तरावर थांबू नका, ही रक्कम कशासाठी आहे हे लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच ती ओळ गळते.

बेसिक किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि एखादं कोटिंग असतं. यादी आणि प्रत्येकाची किंमत मागा. 'फ्री अ‍ॅक्सेसरीज' पेक्षा रोख सूट केव्हाही बरी, कारण फ्री वस्तूंची किंमत शोरूमच ठरवतं. एक्सटेंडेड वॉरंटीही पहिल्याच दिवशी घ्यायची सक्ती नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत ती देतात, फक्त उशीर केला की दर वाढतो.

पॉलिसीवाला
सगळ्यात मोठी रक्कम तुम्ही ५८,००० च्या ओळीत सोडताय. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते ३ वर्षं चालतं. नवीन गाडीच्या ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ती ५० टक्के सूट लागते. "नवीन गाडीला एनसीबी नसतो" असं सेल्समन म्हणाला तर ते चूक आहे. एनसीबी थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) भागावर लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कोटेशनची फोड अशी मागा: आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), ओन डॅमेज, थर्ड पार्टी, प्रत्येक अ‍ॅड-ऑन (जादा कव्हर) वेगळं. नवीन गाडीचा आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे १०,८३,०००. तो कमी दाखवून प्रीमियम स्वस्त केला नाही ना, ते बघा. १००० ते १५०० सीसीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी १०,६४० अधिक जीएसटी, हा दर सगळ्या कंपन्यांना सारखाच. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही. झीरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सची घसारा-कपात न होणारं कव्हर) घ्याच. इंजिन प्रोटेक्टही पुण्या-मुंबईच्या पावसात घ्यावं, कारण साचलेल्या पाण्यात सेल मारला आणि इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही.

शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही, २०१७ च्या एमआयएसपी (विमा विकणाऱ्या गाडी-डीलरांसाठीच्या) नियमांत तसं स्पष्ट आहे. "बाहेरून घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचं बिल थेट विमा कंपनीने भरणं) होणार नाही" ही धमकीही पोकळ. कॅशलेस विमा कंपनीच्या गॅरेज यादीवर ठरतं. त्या शोरूमचं वर्कशॉप यादीत आहे का ते कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. बाहेरचं कोटेशन समोर ठेवलं की बऱ्याचदा शोरूमचा दर आपोआप खाली येतो, आणि मग तिथेच घेतला तरी हरकत नाही.

पाना-पक्कड
पैशांइतकंच महत्त्वाचं म्हणजे क्रम. बुकिंग, मग चेसी नंबर (त्या एकाच गाडीचा कोरलेला नंबर), मग पीडीआय (ताबा घेण्याआधीची तपासणी), मग उरलेली रक्कम, आणि त्यानंतरच विमा व नोंदणी. चेसीवर विमा निघाला, टॅक्स भरला की ती गाडी तुमच्या गळ्यात पडते. दरवाजा रंगवलेला निघाला तरी "आता नंबर पडलाय साहेब" हेच ऐकावं लागतं. जो सेल्समन स्टॉकयार्डात नेऊन गाडी दाखवतो तो चांगला. जो "डिलिव्हरीच्या दिवशी बघा" म्हणतो त्याला पैसे देऊ नका.

पीडीआय दिवसा उजेडात, धुतलेल्या गाडीची. दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. त्यांच्या डोक्यावरचा रंग फुटलेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे दरवाजा काढला होता. रबर बीडिंग बोटाने उचला, आत रंगाचा फवारा किंवा खरखरीत कड लागली तर पुन्हा पेंट झालाय. टायरवरचे चार आकडे वाचा: ३८२५ म्हणजे २०२५ चा ३८ वा आठवडा. चारही टायर आणि स्पेअर यांत थोडा फरक चालतो, पण एकच टायर सहा महिने वेगळा असेल तर कारण विचारा. उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्री दाखल्यावर) येतो. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेताय तर सूट मागा, कारण विकताना वर्ष मोजलं जातं.

हिशेबी
कर्जाचंही थोडक्यात. शोरूमच्या टेबलावरच्या बँकवाल्याला 'फ्लॅट' (पूर्ण रकमेवर) नको, 'रिड्यूसिंग' (उरलेल्या मुद्दलावर) दर विचारा. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडल्यास दंड, आणि कर्जाच्या रकमेत मिसळलेली विमा पॉलिसी, या तिन्ही गोष्टी सँक्शन लेटरवर पाहा. पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यावर भरा, सेल्समनच्या यूपीआयवर कधीच नाही.

कोथरूडकर
खूप उपयोग झाला. त्याला चेसी नंबर आणि विम्याची फोड मागितली, लगेच पाठवली. पाडव्याला डिलिव्हरी घ्यायचा विचार आहे.

पाना-पक्कड
पाडव्याला, दसऱ्याला एकेका शोरूममधून रांगेने गाड्या निघतात, कोणाला वेळ नसतो. पीडीआय आठवडाभर आधी करून चेसी नंबरसह सेल्समनची सही घ्या. मुहूर्ताला फक्त तोच नंबर, दोन्ही चाव्या, ओरिजिनल इनव्हॉइस, पॉलिसी आणि नंबरप्लेट जुळवा. रजिस्ट्रेशन नंबर पडला नसेल तर गाडी बाहेर काढू नका, तात्पुरती का होईना नोंदणी झाल्याशिवाय डीलरला गाडी देता येत नाही. एक्स्चेंजच्या गाडीचा ताबा दिल्याची तारीख-वेळेची लेखी पोच घ्या. जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत डीलर असेल तर फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) भरून घ्या, म्हणजे उद्या त्या गाडीचं चलान तुमच्या नावावर येणार नाही.