मदत हवी आहे: 'तातडीने पाठवा' लिहिलंय, पण रस्ताच बंद असेल तर?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. इथे कुणी एएनएम (माझ्यासारख्या आरोग्यसेविका), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आशाताई किंवा दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉक्टर असतील, तर पावसाळ्याआधी त्यांचा सल्ला हवा आहे.

प्रश्न दोन महिन्यांच्या आतल्या बाळांचा आहे. आयएमएनसीआयच्या (नवजात व बालकांच्या आजारांच्या एकत्रित उपचारपद्धतीच्या) चार्टबुकात बाळ गुलाबी, म्हणजे गंभीर आजाराच्या रकान्यात आलं की प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन तातडीने रुग्णालयात पाठवायचं. ते योग्यच आहे. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच आलापल्लीशी संपर्क तुटतो, आतल्या गावांना तर नाला भरला तरी पुरे. १०८ पलीकडच्या काठावर थांबते आणि बाळ अलीकडे.

यासाठी सूचना नाहीत असंही नाही. पाठवणं शक्यच नसेल किंवा घरचे तयार नसतील, तर एएनएमने सात दिवस रोज जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने अमॉक्सिसिलिन (दोन्ही प्रतिजैविकं) द्यावं, असं केंद्र सरकारने २०१४ मध्येच सांगितलं आहे. डब्ल्यूएचओची २०१५ ची मार्गदर्शिकाही याच परिस्थितीसाठी आहे. मात्र झटके येणारं, बेशुद्ध किंवा अजिबात दूध न ओढणारं बाळ रुग्णालयातच न्यायला हवं, हे तिथे स्पष्ट आहे. अडचण अशी की ही माहिती एका इंग्रजी पीडीएफमध्ये, चार्टबुक कपाटात आणि वजनानुसार डोसचा तक्ता तिसरीकडेच. रात्री टॉर्चच्या उजेडात, आजी-आजोबा भोवती बसलेले असताना, यातलं काय उघडायचं?

तुमच्यापैकी कुणी हे सगळं मराठीत एका पानावर आणलंय का? आणलं असेल तर त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेतली का? फोनला रेंज नसताना सही केलेला लेखी आदेश हाताशी असणं मला फार गरजेचं वाटतं. सात दिवसांचे डोस पुरापूर्वीच उपकेंद्रात ठेवून घेता का, आणि मधल्या दिवसांत बाळ बिघडलं तर काय करायचं हे आधीच कसं ठरवता?

दुसरं, श्वास मोजणं. बऱ्याचदा निर्णय यावर येऊन ठेपतो, कारण जलद श्वास ही धोक्याची खूण. मिनिटाला ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पूर्ण मिनिटच मोजायचे. एवढी लहान बाळं मध्येच काही सेकंद थांबतात, त्यामुळे अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर चुकतं. आईच्या मांडीवर, पोट दिसेल इतकं कापड वर केलेलं, बाळ शांत, तरी पोटाची हालचाल बघत आकडा धरून ठेवणं आशाताईंना जड जातं. डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतच अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी श्वासमापक बनवला होता: वाळूचं घड्याळ आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तो किंवा तसं काही आज कुणी वापरतंय का? माडिया बोलणाऱ्या ताईंना मराठी आकड्यांपेक्षा मणी नक्कीच सोपे जातील.

पानाचा फोटो टाकलात तर उत्तम, फक्त बाळाचं-आईचं नाव कुठे असेल तर झाकून टाका. मी ते आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवूनच वापरेन.