जीवनसत्त्ववालं अंडं: खरं, की नुसता डब्यावरचा स्टिकर?

वारणाकाठ: आमच्या सांगलीतल्या एका ग्रुपवर काल हा मेसेज फिरत होता: "कोंबडीच्या खाद्यात व्हिटॅमिन घातलं तरी अंड्यात काही उतरत नाही, सगळं विष्ठेत जातं. महाग अंडं म्हणजे लूट. गावरान खा." खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

'सगळं विष्ठेत' कसं काय? खाद्यात व्हिटॅमिन ई वाढवा, बलकात कित्येक पटींनी वाढतं. डी३ तसंच. बी१२ सुद्धा चांगलं उतरतं. ए वाढतं, पण बरंचसं यकृतात साठतं, आणि अती घातलं तर बलकातलं ई कमी करतं. बी२ ला मर्यादा आहे: ते वाहून नेणारं प्रथिन ठरावीकच. एसटी भरली की उरलेले फलाटावर. आणि सी कितीही ओता, अंड्यात शून्य. कोंबडी ते स्वतःपुरतं बनवते, अंड्यात घालत नाही. तेव्हा प्रत्येक जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा.

विट्याचा लेयरवाला: बरोबर. एक राहिलं. बलक भरायला दहाएक दिवस लागतात. आज प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वं-खनिजांची पूड) बदललं आणि उद्या अंडं लॅबला धाडलं तर काय घंटा दिसणार? आमच्याकडं एकदा स्वस्तातलं प्रीमिक्स आलं. टरफलं इतकी पातळ की ट्रेमध्येच तडकायची. कॅल्शियमसाठी खाद्यात शिंपला घालून घालून दमलो. डी३ नसेल तर कॅल्शियम पोटात जाऊन उपयोग काय!

माणदेशी: उन्हाळा होता का? उन्हाळ्यात पक्षी धापा टाकतात, टरफल पातळ होतंच. खापर मात्र प्रीमिक्सवर. माझ्या आजीच्या कोंबड्या उकिरड्यावर चरायच्या, बलक केशरी असायचा. तिला कुणी प्रीमिक्स दिलं होतं? आम्ही सगळे धडधाकट आहोत.

वारणाकाठ: केशरी रंग म्हणजे जीवनसत्त्व नव्हे. तो हिरवा पाला, पिवळा मका यातल्या रंगद्रव्याचा. झेंडूचा अर्क खाद्यात घातला की शेडमधलं अंडंही केशरी होतं. पांढरा मका घाला, बलक फिका पडेल, पण प्रीमिक्समधून ए मिळत असेल तर ते जवळपास तेवढंच राहील. हां, उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात डी जास्त असतं, एवढं तुमच्या आजीला द्यावं लागेल.

माणदेशी: द्यावं लागेल म्हणे! उपकार झाले.

कराडकरीण: तुमचं ऊन-मका राहू द्या. बाजारात 'गावरान' म्हणून दुप्पट भावानं घेतलेली अंडी शेडमधली तपकिरी निघतात, त्याचं काय? टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, खाद्यावर नाही. विकणारा शपथा घेतो, "ताई, दारातल्या कोंबडीचं." रोज एवढी ट्रेभर अंडी कुणाच्या दारात पडतात?

इस्लामपूर_साक्षीदार: ताई, तुम्ही दुप्पट भावावर सुटलात. २०१९ ला कडकनाथच्या, त्या काळ्या कोंबडीच्या, नावाखाली आमच्या भागात काय झालं आठवतंय? कंपनी म्हणाली, पिल्लं घ्या, अंडी आम्ही उचलतो, भाव आमचा. माझ्या मेहुण्यानं सोनं मोडलं. अंडी उचलायला कुणी फिरकलं नाही. शेवटी पक्ष्यांना खाद्य घालायलाही पैसे नव्हते. आणि इथं ई की डी!

विट्याचा लेयरवाला: पण त्यात कडकनाथचा, त्या मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कोंबडीचा काय दोष? अंडंही काळं नसतंय, फिकट बदामी असतंय. 'काळं अंडं, औषधी अंडं' म्हटल्यावर लोक पळत सुटले.

इस्लामपूर_साक्षीदार: लोकांना मूर्ख म्हणताय? कर्ज काढून शेड उभारलेल्याला भेटा, मग बोला.

विट्याचा लेयरवाला: म्हणालो नाही. स्वतःच ओढून घेऊ नका.

कराडकरीण: भांडण बाहेर, प्लीज. मला एवढंच सांगा, महागडा डबा घ्यायचा का?

वारणाकाठ: साध्या अंड्यात डी साधारण १ मायक्रोग्रॅम, आपली रोजची गरज १५ च्या आसपास. अंड्यातलं डी तिप्पट झालं तरी एका अंड्यानं भागत नाही. डब्यावर 'व्हिटॅमिन रिच' एवढंच असेल तर ठेवून द्या. अंड्यामागं किती, हा आकडा छापला असेल तर विचार करा.

माणदेशी: म्हणजे मेसेजवाला 'लूट' म्हणाला ते अर्धं बरोबरच की! एवढं लांबण लावून शेवटी तिथंच आलात.

वारणाकाठ: अर्धं. 'काही उतरत नाही' हे उरलेलं अर्धं चुकीचं, ते लिहायला विसरलात.

माणदेशी: विसरलो नाही, सोडलं.

विट्याचा लेयरवाला: मका काय भावानं मिळतोय हल्ली तिकडं?