पुट्टीवरच्या प्रायमरला फोड येत आहेत, मदत हवी आहे

खाडीकाठ
देवगडजवळ आमचे घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. गाडीच्या मागच्या चाकावरील कमानीचा पत्रा गंजला होता, म्हणून तो घासून पुट्टी भरली, गुळगुळीत केली आणि प्रायमर मारला. आठव्या दिवशी मुगाएवढे फोड आले. ते घासून पुन्हा प्रायमर मारला, तरी त्याच जागी परत आले. मृग लागण्यापूर्वी रंग व्हायलाच हवा, कारण काम अंगणात आहे. चांगला प्रायमर कोणता, एवढेच कृपया लवकर सांगावे.

तांबडी वाट
प्रायमरचे नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. पुट्टी कोरडी घासलीत की पाण्याने? प्रायमर हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळून मारायचा होता, की डब्यातून थेट? फोड टोचल्यावर आत काय दिसते?

होडीवाला
एवढ्या चौकशीची गरज नाही. आमच्या फाटकाला आणि होडीच्या लोखंडी सामानाला मी दरवर्षी रेड ऑक्साईड (लोखंडाला मारायचा तांबडा प्रायमर) मारतो आणि ते टिकते. तेच मारावे.

तांबडी वाट
फाटकावर ते ठीक आहे. गाडीच्या रंगातील तीव्र थिनर त्या थराला फुगवतो आणि सुरकुत्या पडतात, त्यामुळे इथे ते सुचवू नये.

माडाची सावली
रंग घेताना गाडीवरील पट्टीवरचा रंगाचा क्रमांक पाहून घ्यावा. जुना रंग उन्हाने उतरलेला असल्यामुळे तरीही फरक दिसतो.

खाडीकाठ
रंगाचा प्रश्न नंतरचा आहे. पुट्टी वॉटर पेपरने, विहिरीच्या पाण्याने घासली आणि त्याच संध्याकाळी डब्यातला प्रायमर थेट मारला. हे सांगण्यासारखे असेल असे वाटले नव्हते. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. आज एक फोड सुईने टोचला, तर थेंबभर पाणी आले, खालची पुट्टी ओलसर लागली आणि कडेला पत्र्यावर तांबूस ठिपके दिसले.

तांबडी वाट
दोष प्रायमरच्या नावात नाही. पुट्टी पाणी शोषते, आणि तुमच्या पाण्यात क्षारही आहेत. ते थराखाली अडकले की ओलावा ओढत राहतात आणि फोड येतात.

गॅरेजचा आवार
आम्ही वर्षानुवर्षे पुट्टी वॉटर पेपरनेच घासतो आणि तक्रार येत नाही.

तांबडी वाट
तुमच्याकडे हीटर किंवा दोन दिवसांचे कडक ऊन मिळत असेल. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, उघड्या अंगणात, ती सवलत नाही. पाणी वापरायचेच असेल, तर ते हार्डनर घातलेल्या, पूर्ण वाळलेल्या प्रायमरवर 600 नंबरच्या पेपरने वापरावे. खाडीकाठ, फोडाखालची सगळी पुट्टी काढून पत्रा उघडा करा, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा. हात न लावता लगेच इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा, पत्र्याला घट्ट धरणारा प्रायमर) मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा दिसेल. हा प्रायमर वाळल्यावर 180 नंबरच्या पेपरने खरखरीत करून वर पुट्टी भरा, मग 80, 180 आणि कडांना 320, सगळे कोरडे.

खाडीकाठ
पुट्टी काढली. पत्रा उजळला, पण कमानीच्या दुमडीजवळ तीळभर खड्ड्यांत काळा गंज राहिला आहे. त्यावर इपॉक्सी मारू का?

तांबडी वाट
अजून नको. आधी खड्डे टोच्याने दाबून पाहा. टोच्या आरपार गेला, तर तिथे पुट्टी टिकणार नाही. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागेल.