उन्हाळ्यात मुलांची खोली गार कशी ठेवता? – अनुभव लिहा

अकोल्यात एप्रिल संपत आला की पारा ४४-४५ ला टेकतो. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, मुलांची खोली पश्चिमेला. मोठी माणसं रात्री उठून पाणी पितात, गॅलरीत जाऊन बसतात. तान्ह्या बाळाला उकडतंय हे सांगताही येत नाही. तुमच्या गावात, तुमच्या घरात काय लागू पडलं ते सविस्तर लिहा. नुसतं ‘ए.सी. घ्या’ नको, इथे ऐन उकाड्यात वीज जाते.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे खरी धग स्लॅबची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि पंखा तीच हवा लेकरांच्या अंगावर ढकलतो. मार्चअखेर चुन्यात फेविकॉल कालवून गच्चीला दोन हात देतो. त्यावर हिरवी शेडनेट, स्लॅबपासून हातभर उंच, म्हणजे मधून वारा खेळतो. सूर्य बुडाल्यावर पाणी मारलं तर फरक आणखी जाणवतो, पण टंचाईत ते शक्य नसतं. चुना मात्र पावसाळ्यापर्यंत साथ देतो.

रानजाई, नागपूर
कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या तर दमटपणा वाढतो आणि मुलं चिकचिक करतात. कूलर खिडकीबाहेर हवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढतो. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. वाळ्याच्या ताट्या दर सीझनला नव्या. झोत पलंगावर थेट नको, भिंतीकडे वळवा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खाडीकाठ, डोंबिवली
विदर्भातले उपाय आमच्याकडे उलटतात. हवेतच इतकं पाणी की कूलर आणि ओले पडदे दोन्ही निरुपयोगी. आम्ही ए.सी. २६ वर आणि पंखा हळू ठेवतो, मुलं शांत झोपतात. वीज गेली की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, त्यांना जाळ्या बसवलेल्या आहेत.

परभणीकर
गावातल्या जुन्या घराला माळवद आहे. जाड मातीचं छत, रुंद भिंती. दुपारी मुलांना तिथेच झोपवतो. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्या वेळी पाय ठेववत नाही. ज्यांच्याकडे माळवद शिल्लक आहे त्यांनी ते पाडून पत्रे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मीरा, रेडिंग (इंग्लंड)
इथली घरं थंडीसाठी बांधलेली. उष्णता आत शिरली की निघत नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंशांची नोंद झाली, या देशातला तो उच्चांक. आमची मुलं छपराखालच्या खोलीत झोपायची, त्या आठवड्यात गाद्या खालच्या मजल्यावर आणल्या. इथले लोक ऊन पडलं की सगळ्या खिडक्या उघडतात. मी आजोळी पाहिलं तेच केलं: सकाळी खिडक्या-पडदे बंद, रात्री बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की सगळं उघडं. पडदा काचेच्या बाहेरून असेल तर उत्तम, कारण ऊन काचेतून आत आलं की खोली तापतेच. पुण्यातले चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्यांचे, पडदे इथे फार आठवतात.

नवी आई, पुणे
बाळाला उकडतंय का, हे हातापायांवरून कळत नाही, ते एरवीही गार लागतात. मानेमागे किंवा पोटावर हात लावून बघा. घाम असेल तर कपडे कमी करा. टोपी, दुपटं, मऊ लोड काढून टाका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं. घरातल्या मोठ्यांना हे पटवायला वेळ लागतो, तरी पटवाच. बाळ मलूल झालं, पीत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर खोली गार होण्याची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या.

रानजाई, नागपूर
एक राहिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. लोखंडी कूलरला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात, त्यात लहान मुलं असतात. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (वीजगळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मुलांच्या खोलीतला कूलर त्यांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावा.